फोटोत मागच्या पाटीवर ओ-डी-डी... किंग्ज आयलंडचं हे साल कुठलं?

सातारची_लेक

नमस्कार मंडळी. ओहायोतले, त्यातही सिनसिनाटी-मेसन भागातले जुने लोक इथे कुणी असतील तर इथल्या किंग्ज आयलंड या अम्यूझमेंट पार्कबद्दल जरा मदत हवी आहे. काम अगदी फुटकळ आहे, पण घरात गेले आठ दिवस त्यावरून धुसफूस चालू आहे.

थोरलीचं लग्न ठरलंय. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त, साताऱ्यात. हल्ली कार्यालयात पडद्यावर नवरानवरीचे लहानपणापासूनचे फोटो दाखवायची टूम निघाली आहे, म्हणून बेसमेंटमधून फोटोंनी भरलेली बुटांची तीन खोकी वर आणली. त्यातल्या पहिल्याच खोक्यात हा फोटो निघाला. इथे टाकत नाही (मुलींची सक्त ताकीद), शब्दांत सांगते.

माझी आई बाकावर बसली आहे. नऊवारी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात, जणू कुणी आत्ता ओढून नेणार आहे. उन्हानं डोळे बारीक केलेत. तिच्या शेजारी चारेक वर्षांची मुलगी उभी. पिवळा फ्रॉक, खिशावर भरतकामाचं बदक. आईनंच साताऱ्याहून शिवून आणला होता. मुलीनं नेमकी क्लिक करताना मान फिरवली आहे, त्यामुळे एक कान आणि एक पोनी यापलीकडे काही दिसत नाही. मागे पोरांच्या लाकडी रोलर कोस्टरचा सांगाडा, आणि पाटी. पाटीचा बराचसा भाग आईच्या डोक्याआड गेलाय. दिसतात ती तीन अक्षरं: ओ, डी, डी.

थोरली म्हणते, ही मी. धाकटी म्हणते, ही मी. फ्रॉक दोघींच्याही अंगावर होता, थोरलीचा लहान झाल्यावर धाकटीला घातला. आई इकडे दोनदा आली, २००५ आणि २००८ च्या उन्हाळ्यात, आणि दोन्ही वेळा आम्ही तिला किंग्ज आयलंडला नेलं. थोरलीचा जन्म २००१ चा, धाकटीचा २००४ चा. म्हणजे २००५ ला थोरली चार वर्षांची, २००८ ला धाकटी चार वर्षांची. बघा कसं जुळून आलंय ते. फोटोमागे तारीख नाही, आणि मूळ फाईल ज्या लॅपटॉपवर होती तो कधीच निवर्तला.

आमच्या घरात त्या लाकडी कोस्टरला पहिल्यापासून 'बीस्टी' म्हणतात. आमचे हे ९८ साली इथे शिकायला आले तेव्हा पाटीवर तेच नाव होतं, आणि यांच्या तोंडात एकदा एक नाव बसलं की बसलं. हे म्हणतात, बीस्टीत ओ-डी-डी येईल कुठून, तू भलतीच पाटी बघते आहेस. आता तिथे वुडस्टॉक एक्सप्रेस लिहिलेलं असतं, ते मी वाचलंय. मध्ये काहीतरी हिरव्या केसांचा परीसारखा पुरुष होता असंही अंधुक आठवतं. पण कधीपासून कधीपर्यंत कुठली पाटी, देव जाणे. दर दोन-चार वर्षांनी तिथे कार्टूनं बदलायची, आणि आम्ही आपले पोरांच्या मागे पाण्याच्या बाटल्या घेऊन. पाट्या कोण वाचतं?

आई २०१९ ला गेली. आजीबरोबरचा इतका चांगला फोटो दोघींचाही दुसरा नाही, म्हणून हा हट्ट. धाकटी म्हणते, ताईच्या लग्नात माझा फोटो ताईच्या नावावर खपवायचा नाही. थोरली आता बोलतच नाही.

कुणाला त्या पाट्यांची सालं माहीत आहेत का?

उदगीरकर_ओहायो

ताई, ओ-डी-डी म्हणजे 'फेअरली ऑड कोस्टर'. दुसरं काही असूच शकत नाही. ते नाव फक्त चार सीझन होतं, २००६ ते २००९. म्हणजे फोटो २००८ चा आणि मुलगी धाकटी. थोरलीला माझ्यातर्फे सॉरी सांगा.

एवढ्या छातीठोकपणे सांगतोय कारण २००९ च्या उन्हाळ्यात, वयाच्या सतराव्या वर्षी, मी त्याच भागात राइडवर कामाला होतो. आणि २०१० ला परत गेलो. एक उन्हाळा एका नावाखाली, दुसरा दुसऱ्या नावाखाली. दांडा ओढायचा तोच, 'हात आत ठेवा' ओरडायचं तेच.

आता सालं सांगतो, कारण तुमच्या साहेबांचंही चुकत नाहीये. पार्क उघडलं १९७२ च्या एप्रिलमध्ये. तेव्हा मालक होती टाफ्ट ब्रॉडकास्टिंग, ही सिनसिनाटीचीच कंपनी, आणि हॅना-बार्बेरा स्टुडिओही त्या वेळी टाफ्टच्याच पदरी होता. त्यामुळे पोरांच्या भागात योगी अस्वल, फ्लिंटस्टोन, हकलबेरी हाउंड ही सगळी घरचीच मंडळी. हे लाकडी कोस्टर पहिल्या वर्षापासूनचं आहे आणि त्याचं मूळ नाव 'स्कूबी-डू'. पुढे १९७९ ला पार्काच्या झाडीत 'द बीस्ट' आलं. तेव्हा ७,३५९ फूट लांबी, लाकडी कोस्टरांत आजही जगात सगळ्यात लांब. त्याचा इतका बोलबाला झाला की पुढच्याच वर्षी छोट्याचं नाव स्कूबी-डू काढून 'बीस्टी' ठेवलं. थोरल्याच्या नावावर धाकट्याचं बारसं. ते नाव २००५ पर्यंत टिकलं. म्हणजे साहेब ९८ ला बीस्टीतच बसले होते.

मधल्या काळात मालक बदलत गेले. १९९२ ला पॅरामाउंट या सिनेमावाल्या कंपनीनं पार्क घेतलं. मग पॅरामाउंटच व्हायाकॉमच्या पोटात गेलं, आणि व्हायाकॉमकडे होतं निकलोडियन, पोरांचं कार्टूनचं चॅनल. झालं! १९९५ ला हॅना-बार्बेराच्या शेजारी हिरव्या चिकट स्लाइमची 'स्प्लॅट सिटी' उभी राहिली, २००१ ला तिचं 'निकलोडियन सेंट्रल' झालं. पण २००५ पर्यंत योगी अस्वल एका बाजूला तग धरून होतं. २००६ ला सगळं एकत्र करून 'निकलोडियन युनिव्हर्स' केलं, आणि त्यात बीस्टीचं फेअरली ऑड कोस्टर झालं. तुमचा हिरव्या केसांचा परीसारखा पुरुष म्हणजे कॉस्मो, निकलोडियनच्या 'फेअरली ऑडपेरंट्स' कार्टूनातला.

आणि गंमत बघा. पाट्यांचा रंग वाळतोय न वाळतोय तोच, त्याच वर्षी जूनअखेर, सीडर फेअर कंपनीनं पॅरामाउंटची सगळी पार्कं १.२४ अब्ज डॉलरला उचलली. सीडर फेअरकडे आधीपासून स्नूपीचे, म्हणजे 'पीनट्स' कार्टूनातल्या कुत्र्याचे, हक्क. मग निकलोडियनला पैसे कशाला मोजायचे? २०१० ला निकलोडियनची सगळी मंडळी बाहेर आणि 'प्लॅनेट स्नूपी' आत. कुठल्या पोराला कोण आवडतं याचा त्यात काडीचाही संबंध नाही. ज्याचा सातबारा त्याचं कार्टून.

२०१० च्या सुरुवातीचा एक प्रसंग आठवतो. पाचेक वर्षांचा पोरगा, डोक्यावर गुलाबी टोपी (कॉस्मोच्याच कार्टूनातल्या टिमी टर्नरची असते तशी), बापाचं बोट धरून गेटपाशी आला आणि पाटी बघून थबकला. ही ती नव्हे म्हणाला. बाप म्हणाला, अरे तीच आहे. पोरगा ऐकेना. टिमी कुठे आहे? मी सीझनचा नवा टी-शर्ट घातलेला, त्यावर आता टिमी नाही, त्यामुळे माझ्यावरही त्याचा विश्वास बसेना. मागे रांग खोळंबली. तेवढ्यात गाडी चढावर लागली आणि साखळीचा तो कडकडकड आवाज सुरू झाला. पोरगा गप्प झाला, मान तिरकी करून ऐकलं, आणि बापाला म्हणाला, हां, हीच. बसला. उतरताना मात्र पुन्हा रडला, टिमी नव्हताच म्हणून.

अजून एक. रांगेतल्या एका लोखंडी कठड्याचा टवका उडला होता, बरोबर पोरांच्या हाताच्या उंचीवर. सगळी पोरं रांगेत उभी राहून तोच कोरत बसायची. वरचा निळा, त्याखाली जांभळा, त्याखाली हिरवा, आणि खाली एक मळकट नारिंगी. कुठला रंग कुठल्या कार्टूनचा ते सांगता येणार नाही. सुपरवायझरनं एकदा बघितलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा निळा फिरवला. आठवड्यात पोरांनी परत नारिंगीपर्यंत मजल मारली.

पेठेतला_पुणेकर

एवढा काथ्याकूट कशाला? तोंड दिसतच नाहीये ना? मग आत्ता थोरलीच्या लग्नात लावा, पुढे धाकटीच्या लग्नात लावा. एका फोटोत दोन कार्यं.

गमतीचा भाग सोडा. नाव बदललं म्हणून जिभेवरचं जात नाही हे खरं. आमचे एक काका १९९६ नंतर छत्रपती शिवाजी टर्मिनस म्हणायला शिकले नाहीत, २०१७ ला त्यात 'महाराज' आल्यावर तर त्यांनी प्रयत्नच सोडला. 'व्हीटीला उतर' एवढंच.

मला दुसरीच गंमत वाटली. उदगीरकर म्हणतात १९९५ ला तिकडे स्कूबी-योगीच्या अंगणात स्लाइम येऊन बसली. १ मे १९९५ ला आपल्याकडे कार्टून नेटवर्क सुरू झालं. आमच्या वाड्यात तेव्हा एकाच्याच घरी केबल, आणि आम्ही अकरा पोरं त्यांच्या सतरंजीवर. स्कूबी-डू, टॉप कॅट, फ्लिंटस्टोन, जेटसन. संध्याकाळनंतर त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, तेव्हा मग घरी हाकलायचे. आम्हाला वाटायचं ही कार्टूनं आत्ताच काढलेली आहेत. टॉप कॅट १९६१ चं आणि स्कूबी १९६९ चं हे मला वयाच्या तिशीत कळलं. तिकडे ज्यांचा बाडबिस्तरा आवरायला घेतला होता, त्यांचा इकडे गृहप्रवेश चालला होता. अमेरिकेत पोचलेले आमच्या वयाचे लोक म्हणूनच स्कूबी बघून हळवे होतात आणि तिथली त्यांच्याच वयाची माणसं स्लाइम बघून. बाजू बरोबर उलटी.

बर्फातला_बारामतीकर

उदगीरकरांच्या 'दुसरं काही असूच शकत नाही'ला सविनय हरकत.

आमच्या मिनेसोटातही फेअरली ऑड कोस्टर आहे! ब्लूमिंग्टनला, मॉल ऑफ अमेरिकेच्या पोटात. आणि ते नाव पडलं २००८ सालीच. त्यामुळे सातारची लेक, आधी हे सांगा की २००८ ला आईंना मिनेसोटाही दाखवलं होतं का? दाखवलं असेल तर पुढचं वाचा, नसेल तरी वाचा, कारण आमचा मामला तुमच्या नेमका उलटा आहे.

मॉल १९९२ च्या ऑगस्टमध्ये उघडला तेव्हा आतल्या पार्कचं नाव होतं 'कॅम्प स्नूपी'. स्नूपीचे बाप चार्ल्स शुल्झ मिनियापोलिसला जन्मले आणि शेजारच्या सेंट पॉलला वाढले. म्हणजे स्नूपी आमचा गाववाला. आत खरी झाडं, वर काचेचं छत. झाडांवरची कीड खायला आत ठिपकेवाले लेडीबग सोडतात, औषध मारत नाहीत. बाहेर उणे पंचवीस असताना जॅकेट काखोटीला मारून लाकडी ओंडक्यांच्या राइडवर भिजायचं हे आमचं जानेवारीतलं सुख. माझा मुलगा तिथे चालायला शिकला असं म्हटलं तरी चालेल, कारण नोव्हेंबर ते एप्रिल चालायला दुसरी जागाच नव्हती.

मग मॉलवाल्यांचं आणि स्नूपीच्या हक्कवाल्यांचं फिसकटलं. २००६ च्या सुरुवातीला एक दिवस गेलो तर पाटी 'द पार्क ॲट एमओए'. एवढंच. कार्टून नाही, काही नाही. दोन वर्षं त्या पार्कला चेहराच नव्हता. मुलगा पाच वर्षांचा, तो रोज विचारायचा, स्नूपी गावाला गेलाय का. मी हो म्हणायचो. काय सांगणार? २००८ च्या मार्चमध्ये तिथे निकलोडियन युनिव्हर्स आलं.

म्हणजे बघा, २००८ ला आमच्या स्नूपीच्या जागी तुमचं निकलोडियन, आणि २०१० ला तुमच्या निकलोडियनच्या जागी आमचा स्नूपी. जणू दोघांनी घरं बदलून घेतली. मुलाला पुढे खरंच तुमच्याकडे ओहायोला घेऊन आलो होतो, एका मित्राकडे. प्लॅनेट स्नूपीत शिरल्यावर तो म्हणाला, बाबा, म्हणजे इथे आला होता होय हा. तेव्हा तो नऊ वर्षांचा. मला वाटलं होतं विसरला असेल.

तर फोटो तपासून बघा. आमचं फेअरली ऑड लोखंडी आहे, गाड्या स्वतःभोवती गोल फिरतात, आणि सगळं छताखाली.

सातारची_लेक

नाही हो बारामतीकर, मिनेसोटा नाही झालं. आईला नायगारा दाखवला आणि किंग्ज आयलंड दाखवलं. फोटोत कडक ऊन आहे आणि मागे स्पष्ट लाकूड. पण तुमच्या मुलाचं वाचून मी उठून पाणी प्यायले.

उदगीरकर, तुमचा प्रतिसाद मी दोघींना मोठ्यानं वाचून दाखवला. धाकटीनं स्वयंपाकघरात नाच केला. थोरली वकिली शिकली आहे (आम्हीच शिकवलं, आता भोगतोय). तिचं म्हणणं, २००६ ची पाटी २००५ चा सीझन संपायच्या आत कशावरून लावली नसेल? आणि तीन अक्षरांवरून निकाल लागत नसतो. यावर काही आहे का तुमच्याकडे? आणि 'सातबारा' यांना फार आवडलं, सगळ्यांना सांगत सुटलेत.

उदगीरकर_ओहायो

वकीलसाहेबांना नमस्कार.

असल्या अदलाबदली हिवाळ्यात होतात, पार्क बंद असतं तेव्हा. आजी उन्हाळ्यात आल्या होत्या ना? भर उन्हाळ्यात पुढच्या वर्षीची पाटी कोण लावेल?

पण पुरावाच हवा तर तीन अक्षरं सोडा, खोक्यातले बाकीचे फोटो बघा. त्या भागात आणखी एक छोटं कोस्टर होतं, 'टॉप कॅट्स टॅक्सी जॅम'. १९९२ ला आलेलं. त्याचंही नाव २००६ लाच बदललं, 'लिटल बिल्स गिगल कोस्टर' झालं, आणि २०१० पासून ते 'ग्रेट पम्पकिन कोस्टर' आहे. म्हणजे कुठल्याही फोटोत टॉप कॅट किंवा टॅक्सी दिसली की तो २००५ किंवा त्याआधीचा. त्या फोटोतली मुलगी थोरलीच असणार. धाकटी तेव्हा बाबागाडीत.

हीच युक्ती भुताच्या घरालाही चालते. ज्या इमारतीत बोटीतून जाऊन स्मर्फ बघायचे, तिथे १९९२ ला फँटम थिएटर झालं, २००३ ला स्कूबी-डूचा झपाटलेला वाडा, २०१० ला बू ब्लास्टर्स. आता २०२६ साठी पुन्हा फँटम थिएटर जाहीर केलंय! पहिलं बंद पडलं तेव्हा दहा वर्षांची असलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना घेऊन येतात, हे तिकीट विकणाऱ्यांना आपल्याआधी कळतं.

स्नूपीचं म्हणाल तर तोही आता एकटा नाही. २०२४ ला सीडर फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज एक झाल्या, आणि सिक्स फ्लॅग्जकडे बग्ज बनी. एका घरात दोन कर्ते. पुढे कोण कुणाला बाहेर काढतं ते बघायचं.

मिसिसागाची_मंदा

आमच्या टोरांटोजवळच्या कॅनडाज वंडरलँडचीही हीच कहाणी, १९८१ पासून. टाफ्टचंच पार्क, तीच हॅना-बार्बेराची मंडळी, शेवटी तोच प्लॅनेट स्नूपी. पण आमच्याकडे एक झालं. छोट्या लाकडी कोस्टरच्या नावात आधी स्कूबी होता. स्कूबी गेला, पण 'घोस्टर कोस्टर' हे नाव मात्र अजून तसंच आहे. कुत्रा पळाला, भूत राहिलं.

माझी सून इथेच वाढलेली. ती नातवाला सांगते, यात पूर्वी स्कूबी होता हं. नातू विचारतो, मग तो पकडायला आलेलं भूत अजून मोकळंच आहे का? त्या दिवसापासून तो त्यात बसत नाही.

सातारची_लेक

मंडळी, निकाल लागला.

उदगीरकरांचं वाचून तिसरं खोकं उपसलं. वर नायगाऱ्याचे एकसारखे चाळीस फोटो (सगळ्यांत आई आणि मागे पांढरा धूर), त्याखाली एक पाकीट, आणि पाकिटात हा. थोरली छोट्या कोस्टरच्या पहिल्या डब्यात बसली आहे, तोंड पूर्ण कॅमेऱ्याकडे, जीभ बाहेर. मागे पाटीवर 'टॅक्सी' अगदी स्वच्छ. पिवळा फ्रॉक. आणि डब्याच्या बाहेरून तिचा खांदा घट्ट धरलेला एक हात. हिरव्या बांगड्या, मनगटावर जुनं एचएमटी. आईचा हात. बाकीची आई फोटोबाहेर.

मग दोन्ही फोटो शेजारी ठेवून भिंगानं बघितले, आणि एक गोष्ट दिसली जी आधीच दिसायला हवी होती. टॅक्सीच्या फोटोत बदकाला डोळा आहे, काळा मणी. ओ-डी-डीच्या फोटोत डोळा नाही, नुसती दोऱ्याची गाठ. मणी थोरलीनं दाताने तोडून गिळला होता. २००५ च्या दिवाळीत, इथल्या डॉक्टरकडे नेलं होतं, मला आता लख्ख आठवलं. थोरलीपुढे हा पुरावा ठेवल्यावर तिनं कसलाही युक्तिवाद केला नाही.

आणखी एक आठवलं. २००८ ला आत शिरल्या शिरल्या आई म्हणाली होती, 'आणि ते टोपीवालं मांजर गं?' मी म्हटलं, कुठलं मांजर? ती म्हणाली, 'अगं, मागल्या खेपेला होतं ते, जाकिटातलं.' मला वाटलं, उन्हानं काहीतरी बोलते आहे. तिला पाणी दिलं आणि बसवलं. तीन वर्षांपूर्वी एकदा बघितलेलं मांजर तिनं लक्षात ठेवलं होतं, आणि मी इथे राहून, तिकडे दर उन्हाळ्यात चार खेपा घालून, ते कधी नीट बघितलंही नव्हतं. त्या बाकावर बसून ती बहुतेक तेच शोधत होती.

तर ओ-डी-डीचा फोटो धाकटीचा. तिनं लगेच फ्रेम मागवली. पडद्यावर टॅक्सीचा जाणार. थोरलीच्या होणाऱ्या सासूबाईंनी व्हॉट्सॲपवर बघून विचारलं, तो हात काढता येईल का, एडिटिंग करून? थोरलीनं त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, पण हात राहणार आहे.

सगळ्यांचे आभार. बारामतीकर, मुलाला सांगा, स्नूपी बरा आहे, आमच्याकडेच आहे. मंदाताई, नातवाचं भूत सापडलं तर कळवा.

आत्ता फोटोखाली काय लिहू म्हणून यांना विचारलं. म्हणाले, 'लिही, बीस्टी, २००५.' अहो, ही बीस्टी नाही, टॉप कॅटची टॅक्सी आहे, गेले आठ दिवस काय चाललंय घरात? तर म्हणतात, 'तेच ते.'